साखरेची एसटी

पहाटे ५.००

उठल्या उठल्या मी आधी खिडकीतून बाहेर बघते. जुलैतला शनिवार. पाऊस पडत नाहीये, रात्रीच पडून गेलाय, आणि हे जास्त वाईट. धो धो पाऊस असला की निदान वारा तरी सुटतो. असं कोंदून राहिलं की घरातल्या भिंतीसुद्धा हाताला चिकटतात, मग केकवरच्या फोंडंटची काय कथा. फोंडंट म्हणजे पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन, थोडा वनस्पती तुपासारखा स्निग्धांश आणि हे सगळं धरून ठेवायला डिंकासारखं काहीतरी. यातल्या साखरेला आणि ग्लिसरीनला हवेतलं पाणी ओढून घ्यायची खोड असते. डोंबिवलीच्या जुलैत त्यांना फारसं ओढावंही लागत नाही.

म्हणून पावसाळ्यात शुक्रवार-शनिवारी आमची एसीची खोली केकची असते. नवरा आणि मुलगा हॉलमध्ये गादी टाकून झोपतात. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, आता शुक्रवारी रात्री न सांगता उशा बाहेर जातात.

खोलीत टेबलावर एक पुठ्ठ्याचा खोका आहे. त्याचं झाकण अर्धं उघडं. आत मंगळवारी केलेला कंडक्टर उभा आहे, बोटभर उंचीहून थोडा मोठा, खाकी कपडे, टोपी, कमरेला चामड्याची पिशवी. गालाला हलकेच बोट लावून बघते. कोरडा, टणक. बरेच जण अशा मूर्ती प्लास्टिकच्या घट्ट डब्यात जपून ठेवतात. तिथे आतल्या आत ओल धरते आणि सकाळी बाहुलीची मान एका बाजूला पडलेली असते. पुठ्ठा बरा, तो ओल पितो.

फ्रिजमध्ये आज संध्याकाळची एसटी आहे. तिला अजून रंग नाही, चाकं नाहीत, खिडक्या नाहीत. चॉकलेटचं गणाश लावून कडा तासलेली एक तपकिरी वीट, इतकंच.

६.००

सहा ते सातमध्ये स्वयंपाक उरकायचा, कारण त्यानंतर घरात फोडणी बंद. फोंडंटचे तुकडे उघडे पडले की हिंग, लसूण, तेलाचा धूर, जे हवेत असेल ते त्यांच्यावर बसतं. पांढऱ्या फोंडंटला तर बटाट्याच्या भाजीचा वास असा लागतो की वाढदिवसाच्या मुलीचा युनिकॉर्न थेट खानावळीतून आल्यासारखा वाटेल. पोहे, भाजी, वरण सगळं आताच. पोळ्या शेजारच्या पोळीवाल्या मावशींकडून.

ओटा पुसायचा, मग परत कोरड्या फडक्याने पुसायचा. ओला ओटा चालत नाही.

७.००

आजची ऑर्डर एका पंचाहत्तरीची. अण्णा कल्याण डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. पंधरा दिवसांपूर्वी त्यांची सून आली ती मोबाइलमध्ये फोटो घेऊनच. सगळे तसेच येतात. फोटोत आरामखुर्चीत रेललेले आजोबा, पायांत कापडी सपाता, बाजूला कुत्रा आणि भिंतीला टेकवलेला मासे पकडायचा गळ. मी विचारलं, “तुमचे अण्णा मासे पकडतात?” ती म्हणाली, “छे हो ताई, माळकरी आहेत.” “मग खुर्चीत बसून असतात?” तर म्हणे एका जागी बसतच नाहीत, आयुष्य एसटीत उभं राहून गेलं, आता घरातसुद्धा उभ्यानेच चहा पितात.

इथे माझा केक ठरला. इंटरनेटवर तयार आजोबा मिळतात, तयार डॉक्टर मिळतात, तयार ‘बॉस बेबी’ मिळतं. ते करायला सोपं, कारण दुसऱ्या कुणीतरी विचार आधीच करून ठेवलेला असतो. पण ते कुणाच्याच घरातले नसतात. फोंडंट हे खायला विशेष नाहीच, मी स्वतः माझ्या वाट्याचं काढून बाजूला ठेवते. एवढी साखर लोक पैसे देऊन आणतात ती ओळख पटावी म्हणून. बघताक्षणी घरातल्यांनी “अरे, हे तर आपले अण्णा!” म्हटलं पाहिजे. नुसतं “किती क्यूट” म्हणत असतील तर मग फोटो प्रिंट करून लावावा, स्वस्तात पडतो.

तर लाल डबा. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, म्हणजे ती अण्णांपेक्षा थोडीच थोरली. अण्णांच्या बऱ्याच ड्युट्या कल्याण-जुन्नर गाडीवर, मुरबाडवरून, माळशेज घाटातून. सुनेकडून हे सगळं काढून घ्यायला मला दोन फोन लागले. तिसरा फोन नातवाचा आला, तो दहावीत आहे आणि त्याला बसचं वेड आहे. म्हणाला, “मावशी, नंबर एमएच ०५ टाकू नका हां. गाडी कल्याणची असली तरी बांधलेली दापोडीच्या वर्कशॉपची, पासिंग पुण्याचं. एमएच १२.” असं गिऱ्हाईक लाभायला भाग्य लागतं.

केक फ्रिजमधून काढून एसीच्या खोलीत ठेवते. थंड केकवर दव धरतं, ते टिपून घेते आणि अर्धा-पाऊण तास त्याला हात लावत नाही. आत अंड्याशिवायचा चॉकलेट केक आहे, कंडेन्स्ड मिल्कवर केलेला, कारण तो जरा घट्ट होतो आणि सुरीने कापून आकार देताना भुगा कमी पडतो. थरांमध्ये आणि वरून गणाश, दोन भाग डार्क कंपाउंड, एक भाग अमूलचं फ्रेश क्रीम. व्हाइट चॉकलेट असतं तर तीनास एक घेतलं असतं, ते मुळात मऊ. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो. चॉकलेटचे दर्दी नाक मुरडतात, पण आपल्या हवेत ते भिंतीसारखं घट्ट बसतं, आणि मला आज भिंतच हवी आहे.

“आत मँगो क्रीम घाला ना” हा हट्ट मी या केकपुरता मोडून काढला होता. क्रीमचं पाणी फोंडंटला खालून भिजवतं, हवेतली ओल वरून. शिवाय क्रीमचा केक फ्रिजमध्येच ठेवावा लागतो, आणि फ्रिजमधून बाहेर निघालेलं फोंडंट पाच मिनिटांत घामाघूम.

८.००

लाल फोंडंट मी विकतच आणते. पांढऱ्यात रंग घालून लाल करता येतं, पण गुलाबीच्या पुढे जाईपर्यंत अर्धी बाटली संपते, फोंडंट चिकट होतं आणि चव कडवट. काळ्याचंही तेच. टायरांसाठी मी चॉकलेटी फोंडंट घेऊन त्यात थोडा काळा जेल रंग मळला, म्हणजे रंग कमी लागतो आणि पोरांच्या जिभा काळ्या होत नाहीत. तेही रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी रंग आपोआप गडद झालेला असतो.

पाकीट घेताना हिरवा ठिपका बघायचा. सगळीच फोंडंटं शाकाहारी नसतात. काहींत जिलेटिन असतं, मार्शमेलोपासून घरी करतात त्यातही बहुधा असतंच, आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून निघतं. “एगलेस आहे ना?” असं प्रत्येक जण विचारतो. जिलेटिनचं कुणी विचारत नाही. माळकऱ्याच्या घरी केक जाणार आणि गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस तो कापणार, तर हे न विचारताच बघायचं माझं काम.

मळायला सुरुवात. हाताला वनस्पती तूप अगदी पुसट, बोटं चमकतील एवढंच. कॉर्नफ्लोअर कमी, कारण लालवर त्याचे पांढरे डाग राहतात. चार मिलिमीटर जाड लाटायचं. त्याहून पातळ झालं तर गणाशचा खड्डा न खड्डा दिसतो, जाड झालं तर स्वतःच्याच वजनाने खाली सरकतं.

गोल केक असता तर एकच मोठी पोळी वरून पांघरली असती. पण एसटीला काटकोन हवेत. म्हणून आधी कागदावर मापं काढून पाच पॅनल कापायची: दोन लांब बाजू, पुढची, मागची, आणि छत. कापलेली पॅनल दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवली की थोडी ताठ होतात, उचलताना लांबत नाहीत. गणाशला साखरेच्या पाकाचा ओला ब्रश जेमतेम फिरवायचा आणि पॅनल टेकवायचं. डावी बाजू बसली. उजवी बसली. मागच्या कोपऱ्यावर बारीक सुरकुत्या आल्या, हत्तीच्या कातडीसारख्या. फोंडंट सुकायला लागल्याची ही खूण. तुपाचं बोट आणि तळव्याची ऊब, गोल गोल, घाई न करता. जातात.

खालची पाटी मात्र आधीच तयार आहे. केक बसच्या आकाराच्या फळीवर आहे, आणि त्या फळीखाली इंचभर उंच, चारी बाजूंनी आत सरकवलेला ठोकळा. म्हणजे गाडी जमिनीपासून वर दिसते आणि चाकं बाजूंना लागतात. सगळं वजन चाकांवर नाही, ठोकळ्यावर. चाकं फक्त दिसायला.

९.४५

फोन. पुढच्या शनिवारचा जंगल थीमचा पहिला वाढदिवस.

“ताई, फोंडंटसकट वजन धरता का तुम्ही?”

हो, सगळ्यासकट.

“पण ते तर खात नाही कुणी.”

“मग नको करूया फोंडंट. क्रीममध्ये छान करते, वर दोन प्लास्टिकचे प्राणी ठेवू.”

“नाही नाही, तो फोटोतल्यासारखाच हवा. सिंह, हत्ती, जिराफ, माकड झाडाला लटकणारं. पण किलोचाच करा. आणि बाहेर तर सहाशेला किलो मिळतो.”

मिळतो. क्रीमचा मिळतो, आणि चांगला मिळतो, त्यात वाईट काहीच नाही. माझा फोंडंटचा दर किलोला अठराशे आहे आणि दोन किलोच्या खाली मी घेत नाही, कारण किलोभर केकवर चार जनावरं बसवली तर केक दिसतच नाही. आजची एसटी साडेचार किलो भरेल. त्यातला केक दोन-सव्वादोन, गणाश किलोभर, बाकी फोंडंट. त्यात घातलेलं सामान म्हणाल तर फार महाग नाही. महाग आहे ते मंगळवारपासून सुकत पडलेला कंडक्टर, बुधवारची चाकं, शुक्रवारची तासणी आणि आजचा पूर्ण दिवस. हे फोनवर सांगत बसत नाही. “माकड वगळलं तर जमेल,” एवढंच म्हणते. माकड वगळलं जातं. लटकणारं माकड पावसाळ्यात मी कुणालाच देत नाही.

१०.१५

खिडक्या. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि यालाच सगळ्यात वेळ लागतो.

सोपी रीत अशी की लालवर करड्या रंगाचे चौकोन चिकटवायचे. मग ते उठून दिसतात, खेळण्यातल्या बससारखे. मी लाल पॅनलमधून चौकोन कापून काढते आणि त्या रिकाम्या जागेत त्याच जाडीचा करडा तुकडा बसवते, म्हणजे काच आत असल्यासारखी वाटते. मग गज. एसटीच्या खिडकीला आडवे गज असतात, त्यांना धरूनच तर आपण सगळे लहानपणी बाहेर बघत आलो, आणि हाताला तो लोखंडाचा वास. गजांसाठी फोंडंटमध्ये सीएमसी पावडर मळायची, पाव किलोला साधारण एक चमचा. हीच ती डिंकासारखी गोष्ट. तिने फोंडंट ताठ होतं, पातळ लाटता येतं आणि सुकलं की मोडतं, वाकत नाही. सुतळीपेक्षा बारीक वळ्या करून खिडकीच्या मापाने कापायच्या. चिमट्याने उचलायच्या. चिकटवायला हीच पावडर पाण्यात भिजवून केलेली खळ, ब्रशच्या टोकावर मावेल एवढीच. जास्त लागली की लाल रंग फुटून करड्यात उतरतो.

पिवळा पट्टा म्हणूनच मी शेवटी ठेवलाय. लाल पूर्ण कोरडं व्हायला हवं, नाहीतर पट्टा केशरी होतो.

अशा वेळी हात चालू असतात आणि डोकं मोकळं. मला दर वेळी मावशीचं रुखवत आठवतं. आमच्याकडे लग्नात रुखवत मांडायचं म्हणजे साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी, रंगीत चिरोट्यांची उतरंड, सगळं घरच्या बायकांनी केलेलं. कुणी ते खायला केलेलं नसे. पाहुण्यांनी टेबलाभोवती फिरून बघायचं, कुणी काय केलं ते विचारायचं, नावं ठेवायची, आणि मग मांडव उठताना पोरांनी पळवायचं. संक्रांतीचे हलव्याचे दागिनेही तसेच. मंद आचेवर साबुदाण्याला किंवा तिळाला पाकाचा एकेक थेंब, बोटांनी हलवत राहायचं, तास न् तास. मावशी म्हणायची, थंडी पडल्याशिवाय काटा फुटत नाही. खरंच आहे ते. जानेवारीच्या कोरड्या पहाटेच्या थंडीत हलव्याला जो काटा येतो तो दमट हवेत येत नाही. साखर कधी हातात घ्यायची हे त्या बायका ऋतू बघून ठरवत होत्या. आता लोकांचे वाढदिवस मात्र बाराही महिने येतात, त्याला कोण काय करणार.

१२.३०

टपावरचा कॅरिअर, मागची शिडी, दिवे, वायपर, ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा. आरसा आधीच सुकवून ठेवला होता. तो काडीवर अधांतरी राहतो, आणि ती काडी म्हणजे कच्ची स्पॅगेटी. टूथपिक लोक सर्रास वापरतात, पण मुलाच्या घासात आली तर? स्पॅगेटी दाताखाली आली तर फार तर कुरकुर होईल.

आता पाटी. पांढऱ्या फोंडंटची पट्टी, त्यावर ‘कल्याण-जुन्नर’. रंगवायला बेकर मंडळी जेल रंग किंवा चंदेरी-सोनेरी भुकटी व्होडकात कालवतात. अल्कोहोल उडून जातं आणि फोंडंट विरघळत नाही, पाण्याने मात्र विरघळतं. पण माझ्या कपाटात बाटली नाही आणि या केकसाठी तर ती हवीही नव्हती. पट्टी कालच लाटून सुकवली, आणि अक्षरं खाण्याच्या शाईच्या पेनाने. ‘ण’ लिहिताना श्वास धरला होता, ‘न्न’ला परत. खाली बारीक ‘मार्गे मुरबाड, माळशेज’. नंबर पाटीवर एमएच १२.

१.१०

लाइट गेली.

जेवायला बसणार तेवढ्यात. पंख्याचा आवाज थांबला की शनिवारी माझ्या पोटात गोळा येतो. नवरा म्हणाला, “इन्व्हर्टरवर पंखा तरी लावू का केकजवळ?” नको. बाहेरची दमट हवा त्याच्यावर फेकण्यापेक्षा कोंडलेली थंड हवा बरी. खोलीचं दार बंद, पडदा ओढला, आणि कुणीही दार उघडायचं नाही. मी बाहेर बसून वरण-भात जेवले. काय जेवले ते सांगता येणार नाही.

वीस मिनिटांनी एकदाच डोकावले. छताला चकाकी आली होती. नव्या बसला असते तशी, असं म्हणून मुलाने समजूत घातली. या चकाकीला हात लावला की बोटाचा ठसा कायमचा. पुसायला गेलं तर रंगच निघतो. काहीही करायचं नाही, हेच करायचं असतं, आणि ते मला या धंद्यात सगळ्यात उशिरा जमलं.

दोनला पाच मिनिटं असताना लाइट आली. एसीने आधी घरघर केली, मग गार सोडलं. साडेतीनपर्यंत चकाकी उतरली. या दीड तासात मी सोमवारच्या कपकेकसाठी पाकळ्या करून टाकल्या, त्याला आजच्या केकची खोली लागत नाही.

३.४५

पिवळा पट्टा लागला. चाकं लागली. आता कंडक्टर.

सून म्हणाली होती, अण्णांचा तिकीट पंच करायचा चिमटा अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. बोटांत अडकवून दांड्यावर टक टक करायची सवय त्यांना अशी होती की घरात पोरांना उठवायलाही तेच. तिने त्याचा फोटो पाठवला. झिजून हँडल चकचकीत झालेलं. मूर्तीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत तो बसवलाय, तांदळाएवढा, त्यावर चंदेरी भुकटी कोरड्या ब्रशने. डाव्या बगलेत तिकिटांची पेटी, तिच्यात रंगीत कागदाच्या चिंध्यांएवढे तुकडे. कानामागे पेन्सिल. चेहरा मी फार करत नाही. डोळे दोन ठिपके, पांढऱ्या मिशा. साखरेत चेहरा हुबेहूब करायला गेलं की भलताच माणूस दिसायला लागतो, मिशी आणि उभं राहण्याची ढब पुरते. अण्णा एका खांद्याने दांड्याला टेकून उभे राहायचे, म्हणून हाही एसटीच्या दाराला तसाच टेकून उभा केला.

मागच्या काचेखाली ‘संकटकालीन मार्ग’ लिहायचं राहिलं होतं. नवरा म्हणाला, मागची बाजू कोण बघणार, फोटो पुढूनच निघतात. तरी लिहिलं.

४.४५

चार बाजूंनी फोटो, मग खोका. खोक्यावर माझ्या नावाचा शिक्का आणि त्याखाली एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर. घरातून विकत असलो तरी नोंदणी लागते, आणि हल्ली सोसायटीतले लोकही विचारतात.

गाडी नवऱ्याची, डिकीत न घसरणारी जाळी अंथरलेली म्हणजे खोका सरकत नाही. सीटवर कधीच ठेवायचा नाही, सीट मागे कललेली असते आणि केकही कलतो. एसी फुल. डोंबिवलीहून कल्याण म्हणजे अंतर काही नाही, पण जुलैतले खड्डे आणि पत्रीपुलाच्या आसपासची शनिवार संध्याकाळ. नवरा दुसऱ्या गिअरवर, मागून हॉर्न. प्रत्येक गतिरोधकाला मी नकळत पाय उचलते, जणू त्याने काही होणार आहे.

पोहोचायच्या पाच-सात मिनिटं आधी एसी कमी करायचा. थंडगार डिकीतून एकदम दमट हवेत काढलं तर पुन्हा दव. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, हॉलच्या पार्किंगमध्ये शिकायला मिळतं.

६.००

हॉल. केकचं टेबल नेमकं खिडकीजवळ, बाहेर झिम्माड पाऊस. ते आत, एसीच्या झोतापासून जरा बाजूला सरकवून घेतलं. सुनेला बाजूला घेऊन नेहमीचं सांगितलं: कंडक्टर आधी उचलून ठेवा, तो वर्षभरसुद्धा टिकेल, फक्त पुठ्ठ्यात ठेवा. चाकं काढून मग कापा. कापायला लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून. खाली फळी आहे, ती कापू नका. राहिलेले पैसे तिने तिथेच पाठवले.

मी सहसा केक कापेपर्यंत थांबत नाही. पण अण्णा लवकर आले होते, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. ते पुढून आले नाहीत. टेबलाला वळसा घालून आधी गाडीच्या मागे गेले. वाकून वाचलं. मग शिडी बघितली, मग बाजूने खिडक्या मोजत पुढे आले, पाटी वाचली, नंबर वाचला. नातू शेजारी छाती काढून उभा. अण्णा त्याला म्हणाले, “मार्गे ओतूर पण लिहायला पाहिजे होतं. प्रवासी विचारतात.” कंडक्टरकडे सगळ्यात शेवटी बघितलं, आणि मला विचारलं, “याचा बिल्ला कुठाय?”

बिल्ला छातीवर होता, खाकीवर पिवळट ठिपका. चष्मा लावल्यावर दिसला.

८.१५

घरी. खोलीतलं टेबल पुसून एसी बंद, उशा आत. लाल फोंडंट उरलंय, तुपाचा हात लावून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, डब्यात. न वापरलेलं फोंडंट घट्ट बंद, घडवलेलं मात्र उघड्यावर. हा उलटा नियम नवीन मुलींना पटत नाही.

जंगलच्या हत्तीचे पाय आजच वळून ठेवायचे. पुढच्या शनिवारपर्यंत सुकायला आठवडा आहे, पण पाय जाड आहेत आणि हवा ही अशी. करड्या फोंडंटमध्ये सीएमसी मळली, चार लोळे, टाचा सपाट, नखं टूथपिकने दाबून. सिंहाची आयाळ उद्या.

मोबाइलवर एक नवीन मेसेज आहे. फोटो जोडलेला, राजवाडा, तीन मजले, बुरूज, वरून धबधब्यासारखी फुलं, बहुधा लंडन-बिंडनच्या एखाद्या स्टुडिओत केलेला. खाली लिहिलंय: “ताई, उद्या संध्याकाळी मिळेल का? दीड किलो. फोंडंट नको, मुलीला आवडत नाही. पण दिसायला असाच पाहिजे.”

उद्या नाही जमणार, असं लिहिलं. मग खोडलं. ‘तुमच्या मुलीला काय आवडतं?’ असं विचारलं आणि हात धुवायला गेले.